सरळ टीप आणि पेटीतली हत्यारे

शिवणयंत्राचा इतिहास वाचायला घेतला की तो बहुतेक वेळा पेटंटांचा आणि खटल्यांचा इतिहास निघतो. सुईच्या टोकाला भोक कोणी पाडले, धोटा कोणी फिरवला, दावा कोणी कोणावर लावला आणि शेवटी पैसा कोणाच्या पदरात पडला, याची हकीकत त्यात तपशीलवार सापडते. त्या यंत्राबरोबर ग्राहकाच्या घरी जी एक लहानशी पेटी जात असे, तिच्याविषयी मात्र एखाददुसऱ्या वाक्यापलीकडे मजकूर नसतो. आमचे कुतूहल जागे झाले ते या पेटीमुळे.

थोरल्या मावशीच्या पश्चात तिचे सिंगर यंत्र आमच्याकडे आले. त्याच्या खणात रंग उडालेली पत्र्याची पेटी होती आणि पेटीत निकेलचा मुलामा दिलेल्या सात-आठ वस्तू होत्या. एकीला मोजपट्टीसारखे आकडे कोरलेले, दुसरीला गोगलगाईच्या शंखासारखे वळण, तिसरी तर हुबेहूब नाकतोड्यासारखी. प्रत्येकीवर बारीक अक्षरांत ‘सिमँको’ असा ठसा आणि एक क्रमांक. घरात कोणालाही त्यांची नावे सांगता येईनात. मावशी आयुष्यभर शिवत होती. पण यांतले काय तिने वापरले आणि काय तसेच पडून राहिले, हे विचारण्याची वेळ टळून गेली होती.

बाजारात ज्यांना सरसकट ‘अटॅचमेंट’ म्हणतात त्या या वस्तू. त्या ओळखणे, नसलेल्या शोधणे आणि जुन्या यंत्रावर पुन्हा चालवणे या खटाटोपात आमचे बरेच दिवस गेले. त्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, तीच येथे मांडायची आहे. यंत्राला जे करता येत नव्हते त्याचा इतिहास या पेटीत आहे. आणि ते न येणारे काम कोणाच्या हातांनी करून घ्यायचे, या प्रश्नाचाही.

१

एलियस हाउ याला १० सप्टेंबर १८४६ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले. सुईच्या टोकाजवळच भोक, वरचा दोरा त्या भोकातून खाली जाणार, खालच्या धोट्यातला दुसरा दोरा त्याच्या फासातून निघणार आणि दोहोंची अढी कापडाच्या जाडीत बसणार, ही त्याची कल्पना. अशी सुई वॉल्टर हंट याने १८३० च्या दशकातच बनवली होती. पण त्याने पेटंट घेतले नाही. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याला १८३० साली साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले होते आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमधल्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रे मोडून टाकली होती. आयझॅक सिंगर याचे पेटंट १२ ऑगस्ट १८५१ चे. त्याच्या यंत्रात सुई आडवी न राहता उभी झाली आणि कापड सपाट टेबलावर पसरता आले.

या नामावळीत ज्याला कमी मान मिळतो तो अॅलन विल्सन आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सुईखालच्या छिद्रपट्टीतून वर येणारे जे दाते कापड पुढे ढकलतात, ते त्याचे. वर येणे, पुढे सरकणे, खाली बुडणे आणि मागे परतणे, अशा चार हालचालींची ही योजना १८५४ मध्ये पेटंट झाली आणि आजच्या यंत्रातही ती मूळ रूपात टिकून आहे.

उभी सुई आणि पुढे ढकलणारे दाते एकत्र आले आणि घरगुती यंत्राची घडण ठरून गेली. त्याचबरोबर त्याची मर्यादाही ठरून गेली. सुई फक्त वरखाली होणार, कापड फक्त पुढे जाणार. या दोन हालचालींतून निघते ती एकच गोष्ट, सरळ टीप. पण कपडा म्हणजे केवळ सरळ टिपा नव्हेत. कापडाची कड मुडपावी लागते, तिला गोट लावावा लागतो, चुण्या घालाव्या लागतात, टक घ्यावे लागतात. काज तर चारी बाजूंनी दाट टाक्यांनी बांधून काढावे लागते. हे सगळे सरळ टीप सोडून बाकीचे, म्हणजे हाताचे. पेटीतली हत्यारे जन्माला आली ती या जागेत.

२

या हत्यारांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गातली हत्यारे कापड सुईखाली जाण्याच्या आधी त्याला आकार देतात. हेमर हे त्यांतले सर्वांत साधे. पत्र्याला दिलेल्या वळणातून कड आत शिरते, दोनदा मुडपली जाते आणि तशीच सुईखाली येते. गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा तुकडा म्हणजे बाइंडर. त्याच्या निमुळत्या नळीत उरेब पट्टी घातली की ती दोन्ही बाजूंनी आत दुमडते, कापडाची कड मधल्या फटीत राहते आणि एकाच टिपेत गोट लागतो. आकडे कोरलेला तुकडा टकर. त्यावर दोन मापे असतात, एक टकाच्या रुंदीचे आणि दुसरे दोन टकांमधल्या अंतराचे. पहिला टक शिवला जात असतानाच एक छोटी जीभ कापडावर दाब देऊन पुढच्या टकाची घडी उमटवत जाते. एका ओळीने पुढच्या ओळीची जागा आखून ठेवावी, तसा हा प्रकार.

नाकतोड्यासारखा दिसणारा तो रफलर, चुण्या घालणारा. त्याचा दुबेळक्यासारखा हात सुई घट्ट धरणाऱ्या स्क्रूवर बसतो. सुई वरखाली झाली की हा हातही होतो आणि त्या हालचालीतून एक दातेरी पाते मागेपुढे सरकून कापडाला चुणी पाडते. नंतरच्या नमुन्यांत त्यावर १, ६ आणि १२ असे आकडे आढळतात. प्रत्येक टाक्याला चुणी, सहा टाक्यांनी एक किंवा बारा टाक्यांनी एक, असा त्यांचा अर्थ. तिथेच एक चांदणीचे चिन्ह असते. त्यावर खिटी ठेवली की चुण्या थांबतात आणि सरळ टीप पडते.

दुसऱ्या वर्गातली हत्यारे याहून धाडसी. ती कापडाला सुईखाली असतानाच हलवतात. सुई बाजूला सरकत नाही ना, मग कापडच डावीउजवीकडे सरकवा, हा त्यांचा साधा तर्क. काज करणारा बटनहोलर हा या तर्काचा कळस म्हणावा लागेल. तो प्रेशर फुटाच्या जागी बसतो, सुईच्या स्क्रूवरून गती घेतो आणि कापड आपल्या पकडीत धरून प्रत्येक टाक्याला इकडून तिकडे नेतो. त्याच वेळी आतले एक लहान चाक धातूच्या साच्याच्या दातांवरून फिरत असते आणि पकड काजाच्या आकारात सावकाश गोल फिरते. साचा बदलला की काजाची लांबी बदलते. कोटासाठी एका टोकाला गोल भोक असलेल्या काजाचाही साचा मिळे. १९५० च्या दशकात सिंगरने विकलेला ‘ऑटोमॅटिक झिगझॅगर’ याच जातीचा. त्यात बदलता येणाऱ्या चकत्या असत आणि चकतीच्या कडेचे उंचसखल वळण कापडाला नागमोडी चालवून नक्षी उमटवी.

ही सगळी हत्यारे एकाच कारखान्यात बनत होती असेही नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रीस्ट कंपनीने तर अशी हत्यारे करणे हाच आपला धंदा केला आणि अनेक यंत्रकंपन्यांना ती पुरवली. सिंगरच्या यंत्राबरोबर मिळणारी लाकडी घडीची पेटी संग्राहकांना ठाऊक असते. तिच्यावर १९ फेब्रुवारी १८८९ ही पेटंटची तारीख असते. ती उलगडली की सपाट पसरते आणि प्रत्येक हत्यार आपापल्या खाचेत दिसते. कोणते हरवले आहे हे रिकामी खाच सांगते. यापेक्षा चांगली सूची आम्ही तरी पाहिलेली नाही.

३

श्रम वाचले का, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. थॉमस हूडची ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही कविता १८४३ च्या डिसेंबरात ‘पंच’मध्ये आली, म्हणजे हाउच्या पेटंटाच्या अवघी तीन वर्षे आधी. तिच्यातली शिवणारी बाई हाताने शिवते. पुढे १८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन कंपनीने हाताची आणि यंत्राची तुलना प्रसिद्ध केली. तीत पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे आणि यंत्राने १ तास १६ मिनिटे लागतात, असा हिशेब होता. विकणाऱ्याने दिलेला आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा असणार, हे धरूनही फरक मोठाच राहतो.

पण वाचलेला वेळ कोठे गेला, हे पाहायचे तर त्या काळातल्या झग्यांकडे पाहावे. १८६० नंतरच्या पाश्चात्त्य स्त्रीवेषात झालरी, चुण्या, गोट आणि टक यांची रेलचेल दिसते. रफलर हाताशी आल्यावर एका झालरीच्या जागी पाच झालरी घालणे शक्य झाले. आणि शक्य झालेले हळूहळू अपेक्षित झाले. ज्या हत्याराने काम हलके केले त्याच हत्याराने कामाची मागणी वाढवली. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात घरगुती यंत्रांविषयी हेच सांगितले आहे, की त्यांच्या येण्याने घरातल्या बाईचे काम कमी झाले नाही. पेटीतला टकर पाहताना आम्हाला हे पुन्हा पुन्हा आठवले. इतक्या अचूक अंतरावर इतके टक हवेत, असे मुळात कोणाला वाटत होते?

४

आता शोधण्याविषयी. जुने अटॅचमेंट मिळवणे ही अर्धी गोष्ट झाली. ते आपल्या यंत्रावर बसते का, हा खरा प्रश्न. प्रेशर फूट ज्या उभ्या दांडीवर स्क्रूने बसतो तिची उंची सर्व यंत्रांत सारखी नसते. फूट खाली टेकवावा आणि त्याच्या तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजावे. अंतर पाऊण इंचाच्या आत असेल तर यंत्र ‘लो शँक’, इंचभर किंवा अधिक असेल तर ‘हाय शँक’. सिंगरने १९५२ मध्ये ३०१ क्रमांकाचे यंत्र काढले, त्यात सुई आणि दांडी दोन्ही तिरकी होती. तिला लागणारी हत्यारे तिसऱ्या जातीची. सिंगरच्या ६६ क्रमांकाच्या आरंभीच्या काही यंत्रांत तर फूट बाजूने न बसता मागून बसतो आणि त्यावर नेहमीचे काहीच चालत नाही. दुकानदार ‘सगळ्याला बसते’ असे सांगतो, तेव्हा खिशातली पट्टी काढणे हाच शहाणपणा.

हत्यारावरच्या ठशाचाही उपयोग होतो. ‘सिमँको’ हे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या इंग्रजी नावातील अक्षरे जोडून केलेले. त्यासोबतचा क्रमांक त्या सुट्या भागाचा असतो आणि जुन्या माहितीपुस्तिकांतल्या याद्यांशी तो ताडून पाहता येतो. यंत्राच्या अंगावरचा क्रमांक वेगळा. मावशीच्या यंत्राच्या क्रमांकाआधी ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे आहेत. याचा अर्थ ते १९३५ नंतर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे घडले. किलबोवी नावाने ओळखला जाणारा तिथला कारखाना १८८५ मध्ये उभा राहिला आणि १९८० मध्ये बंद पडला. ‘१५के’ या नमुन्याच्या नावातला ‘के’ हा त्याच किलबोवीचा.

हा १५ क्रमांकाचा नमुना आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १८५६ मध्ये मोठ्या यंत्रकंपन्यांनी आणि हाउने आपली पेटंटे एकत्र करून जी युती केली होती ती १८७७ मध्ये, शेवटच्या महत्त्वाच्या पेटंटाची मुदत संपल्यावर, विसर्जित झाली. पुढे ज्याला जे जमेल ते त्याने उचलले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी या नमुन्याबरहुकूम लाखो यंत्रे बनवली. आपल्याकडच्या काळ्या घरगुती यंत्रांपैकी बहुतेक, मग त्यांवर नाव कोणतेही असो, याच घडणीची आहेत. म्हणून अमेरिकेत एका पिढीपूर्वी बनलेला बटनहोलर लुधियानात बनलेल्या यंत्रावर बिनतक्रार बसतो. कोणत्याही सभेत न ठरलेले हे प्रमाण केवळ नकलेतून रूढ झाले. भाषेतही प्रमाणरूप पुष्कळदा असेच रूढ होते, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको.

आमच्या पेटीत बटनहोलर नव्हता. तो पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. कुलपे, नळ आणि सायकलच्या घंट्या यांच्या ढिगात तो पडला होता आणि विकणाऱ्याला तो कॅमेऱ्याचा भाग वाटत होता. तेल वाळून त्याची चाके घट्ट बसली होती. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून, जुन्या दातब्रशने घासून, मग शिलाईयंत्राचे पातळ तेल थेंबथेंब सोडल्यावर ती फिरू लागली. पहिल्याच प्रयत्नात आम्ही सुई मोडली. चूक आमचीच. बटनहोलर कापड स्वतः फिरवतो. तेव्हा खालचे दाते आपले ढकलण्याचे काम चालू ठेवत असतील तर दोघांची ओढाताण होते. दाते खाली करण्याची सोय यंत्रात असेल तर ती वापरायची, नसेल तर त्यांवर झाकणारी पट्टी बसवायची. ती पट्टी मूळच्या पेटीत असते आणि बहुधा तीच पहिल्यांदा हरवते. आम्ही एक पितळी पत्रा कापून, घासून तशी करून घेतली.

पुढचे शहाणपण अनुभवाने आले. आधी चाक हाताने फिरवून सुई सगळीकडून मोकळी जाते का ते पाहायचे. कापडाखाली पातळ कॅनव्हास किंवा निदान कागद ठेवायचा. पहिले काज चिंधीवरच करायचे. साच्याभोवती एकच फेरा न मारता दोन मारायचे, म्हणजे टाके दाट बसतात. काज कापताना दोन्ही टोकांना टाचण्या लावून टोकांकडून मध्याकडे कापायचे, नाहीतर सगळ्या मेहनतीवर पाते फिरते. एवढे सांभाळले की काज असे सुबक उतरते की हाताने केलेल्या काजाशेजारी ठेवले तर काहीसे निर्विकार वाटते.

५

मग मावशीच्या पिढीत ही हत्यारे आपल्याकडे का रुळली नाहीत? यंत्र तर केव्हाच आले होते. नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या आरंभापर्यंत हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीप यांसाठी सिंगरचे प्रतिनिधी होते. पण त्यांच्यापुढचा देश मुख्यतः न शिवलेले नेसणारा होता. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे यांना सुई लागत नाही. शिवायची ती चोळी, बाराबंदी, कुडते, अंगरखा. आणि ते शिवणारा शिंपी हा जातीने ठरलेला. नामदेवांसारखा संतकवी त्या जातीत झाला आणि गज, कात्री, सुई ही हत्यारे त्यांच्या रचनांत आली, ही गोष्ट या व्यवसायाचे समाजातले स्थान सांगायला पुरेशी आहे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम शिकवून ते मध्यमवर्गीय स्त्रीच्या हाती दिले. पोलकी, परकर, झबली घरी होऊ लागली. तिथे हेमर आणि बाइंडर उपयोगाचे होते. पाच झालरी घालणारा रफलर नव्हता.

बटनहोलरचे कारण मात्र निराळे. काजे तर सदऱ्याला, कोटाला, मुलांच्या गणवेशाला लागतच होती. पण शिंप्याच्या दुकानात काज-बटणाला एक पोऱ्या असे. दाराशी, उजेडाच्या बाजूला, मांडीवर सदरे घेऊन तो दिवसभर काजे करी. नाहीतर ते काम नगावर आसपासच्या घरातल्या बायकांकडे जाई. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका काजाला जे पैसे मिळत ते इतके थोडे होते, की परदेशी हत्यार विकत घेण्याचे कोणत्याही मालकाला कारण नव्हते. अमेरिकेत मजुरी महाग होती म्हणून काज करणारे हत्यार घराघरात गेले. आपल्याकडे बोटे स्वस्त होती म्हणून ते गेले नाही. एखादे साधन एखाद्या समाजात न रुजणे याचा अर्थ आपण सहज ‘मागासलेपण’ असा लावतो. त्यामागे हिशेब असतो, आणि तो हिशेब कोणाच्या तरी डोळ्यांच्या आणि पाठीच्या खर्चाने जमलेला असतो.

यंत्रमात्राकडे संशयाने पाहणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केले, हे प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त आलेल्या संवादात त्यांनी त्याचे कारण दिले. पत्नीला कंटाळवाणे शिवण करताना पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने यंत्र बनवले, असा त्यांचा समज होता. चरित्राचा पुरावा याच्या उलट आहे. सिंगर हा फिरता नट होता, अनेक स्त्रियांपासून त्याला वीसहून अधिक अपत्ये झाली आणि बोस्टनमधल्या एका कार्यशाळेत दुरुस्तीला आलेले यंत्र सुधारताना त्याच्या डोळ्यांसमोर पैसाच होता. तरीही गांधीजींचा निकष चुकीचा ठरत नाही. यंत्रामागे शिवणाऱ्या बाईच्या कष्टाची जाणीव असावी, हे त्यांचे म्हणणे होते. ती जाणीव सिंगरच्या ठायी होती की नाही, हा प्रश्न वेगळा. आमच्या मते पेटीतल्या काही हत्यारांत ती आहे. ज्याने बाइंडर घडवला त्याने गोट लावताना बोटांची किती तारांबळ होते, हे नक्की पाहिलेले असले पाहिजे.

६

सुई बाजूला सरकावी, ही कल्पना जुनीच. हेलन ब्लँचर्ड या अमेरिकन स्त्रीने १८७३ मध्ये नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. परंतु ते कारखान्यांच्या उपयोगाचे राहिले. घरगुती यंत्रात ही सोय येऊ लागली ती १९३० च्या दशकापासून, आणि सर्रास झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मधली साठ-सत्तर वर्षे घरातली सुई सरळच चालत होती आणि उरलेले सगळे पेटी सांभाळत होती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एल्ना कंपनीने ‘सुपरमॅटिक’ काढले. त्यात नक्षीच्या चकत्या यंत्राच्या पोटात बसत. पेटीतली चकती आत गेली. १९७५ मध्ये सिंगरच्या ‘अथीना २०००’ने चकतीचे काम इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे दिले, आणि मग पेटीच उरली नाही. आपल्या गल्लीबोळांत हा नागमोडी टाका पोहोचला तो ‘पिको-फॉल करून मिळेल’ या पाटीच्या रूपाने. त्या पाटीवर कित्येक बायकांनी घरे चालवली, पण त्यांच्या कामाची नोंद करणारा इतिहास अजून लिहिला जायचा आहे.

यंत्रे विकली जातात तेव्हा पेट्या वेगळ्या होतात. यंत्र शोभेसाठी घेतले जाते आणि पेटी भंगारात जाते. म्हणून आम्ही सुचवू, की घरात असे यंत्र असेल तर आधी खण उघडून पाहावा. हत्यारे तशीच चकचकीत करून टाकू नयेत. आधी त्यांवरची झीज पाहावी. आम्ही तसे पाहिले. मावशीच्या हेमरच्या वळणावरचा मुलामा पूर्ण गेला आहे आणि खालचे पोलाद कापडाने घासून घासून आरशासारखे झाले आहे. टकरवर चार-दोन ओरखडे आहेत, म्हणजे तिने एकदा प्रयत्न करून पाहिला असावा. रफलरच्या पात्यावर कारखान्यातले तेल वाळलेल्या पापुद्र्यासारखे तसेच आहे. तिच्या शिवणाची एकही वही नाही, पण तिने काय शिवले आणि काय शिवायला तिला कधी सवड किंवा गरज पडली नाही, हे या तीन तुकड्यांवरून बरेच कळते.

बाइंडरच्या नळीत जांभळ्या सुती कापडाची दोन बोटे लांबीची उरेब पट्टी अडकलेली होती. झबल्याच्या गळ्याला लावतात तितक्या रुंदीची. पट्टी संपत आली, काम झाले आणि टोक तसेच आत राहिले, एवढाच त्याचा अर्थ. ती काढल्याशिवाय बाइंडर चालणार नव्हता आणि काढावीशी वाटत नव्हती. दोन-तीन दिवस तो तसाच टेबलावर होता. शेवटी आम्ही बोथट सुईने ती हळूच मागे ओढली, पेटीच्या तळाशी ठेवली आणि नळीत नवी पट्टी घातली. गोट पहिल्याच खेपेला नीट लागला.